नोटोरियस मास्तरांची मुलगी

'नोटोरियस' म्हणजे 'प्रसिद्ध', असं माझ्या वडिलांनी मला शिकवलं. चूक त्यांची होती. हे मी अगदी आरंभीच लिहून ठेवते, कारण आमच्या घरात ही गोष्ट पुढे जेव्हा जेव्हा निघाली तेव्हा ती 'इंदूनं घातलेला घोळ' म्हणूनच निघाली. माझ्या लग्नात निघाली, धाकट्या भावाच्या मुंजीत निघाली, आणि अण्णा गेल्यावर त्यांच्या तेराव्याच्या पंगतीतही निघाली. पंगत हसली. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, हातात आमटीचं भांडं घेऊन वाढत होते. भांडं तिथंच खाली ठेवलं आणि आत निघून गेले. आत येऊन चुलतबहीण म्हणाली, "अगं, गेलेल्या माणसावर राग धरू नये." मला ते जमलेलं नाही. आता तर मीही निघण्याच्या तयारीत आहे, तरी जमत नाही.

नेवाशाला आम्ही एका तेलाच्या व्यापाऱ्याच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहत होतो. भिंतींना पेंडीचा वास असे, आणि तो आमच्या कपड्यांनाही लागलेला असे. अण्णा प्राथमिक शाळेत मास्तर. शाळा इतकी जवळ की पोरांचे पावकी-निमकीचे पाढे आईला चुलीपाशी ऐकू येत, आणि मध्येच पाढे थांबून एकदम शांत झालं की आई म्हणे, "बसली कुणाला तरी छडी." लढाईचे दिवस होते. साखर रेशनवर, घासलेट रेशनवर. आम्ही गुळाचा चहा पीत असू. गुळाबरोबर उकळलं की दूध नासे म्हणून ते वेगळं तापवून वरून ओतायचं, हे काम माझं. पहाटे आई जात्यावर बसे. बाजरीचं पीठ चार दिवसांत कडू होतं म्हणून ती रोज लागेल तेवढंच दळी. त्या घरघरीत अण्णांचा खोकला मिसळला की मी समजून उठे. तोंड धुऊन, वेणी न घालता तशीच त्यांच्यासमोर बसे. चहाच्या आधी पाच शब्द. पाच पाठ झाले तर चहा, नाही झाले तर चहा निवत ठेवलेला समोर दिसत राही.

अण्णा मराठी फायनल, म्हणजे मराठी सातवीची परीक्षा, झालेले. इंग्रजी शाळेत ते एक दिवसही गेले नव्हते. त्यांच्या वडिलांनी धाकट्या भावाला इंग्रजी शिकवलं आणि थोरल्याला, म्हणजे अण्णांना, मास्तरकीला लावलं. हे शल्य त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण कुणी शेजारी इंग्रजीत दोन वाक्यं बोलला की अण्णा धोतराचा सोगा चाळवत बसत. सुट्टीत ते नगरला एका वकील आप्तांकडे जात. वकिलांकडे जाडजूड डिक्शनरी होती. वकील जेवून उठून कोट चढवेपर्यंत ती अण्णांच्या हाती मिळे. तेवढ्या वेळात अण्णा भराभर शब्द उतरवून घेत. एका शब्दाला एकच अर्थ. सोपे शब्द त्यांनी मुळीच घेतले नाहीत. "कॅट आणि रॅट कुणालाही येतं," ते म्हणत, "ऐकणाऱ्यानं तोंडात बोट घातलं पाहिजे." अशी दोऱ्यानं शिवलेली एक वही भरली होती. त्या वहीमुळे वयाच्या अकराव्या वर्षी मला 'लॅक्रिमोज' म्हणजे रडवेला हे ठाऊक होतं, 'पल्क्रिट्यूड' म्हणजे सौंदर्य हे ठाऊक होतं, आणि 'मला पाणी हवं आहे' हे इंग्रजीत सांगता येत नव्हतं. उच्चारही अण्णांनी स्पेलिंगवरून लावलेले. 'फटीग' हा शब्द मी 'फटिग्यू' म्हणून शिकले आणि 'कर्नल' हा 'कोलोनेल' म्हणून. कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा खरा उच्चार ऐकला तेव्हा मला वाटलं, बोलणाराच चुकतो आहे.

घरी कुणी आलं की अण्णा मला हाक मारत. पोस्टमास्तर येवोत, कुलकर्णी येवोत, मी परकराला हात पुसत बाहेर यायचं आणि भिंतीला टेकून न राहता सरळ उभं राहायचं. अण्णा अर्थ सांगत, मी शब्द सांगे. मग उलट. पाहुणे मान डोलवत. कुणी म्हणे, "मास्तर, पोरगी बॅरिस्टर होणार." मला त्याचा आनंद होत नसे असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. मला फार आनंद होई. अण्णा त्या एका वेळीच माझ्याकडे बघून हसत असत.

शाळा तपासायला वर्षातून एकदा दिपोटीसाहेब येत. शाळाखात्याचा हा अंमलदार आला की गावातल्या मास्तरांचे चेहरे आठ दिवस आधीपासून उतरत. अण्णांचा त्या वर्षी उतरला नाही. त्यांना नगरला बदली हवी होती, आणि त्यांनी मनाशी काही ठरवलं होतं. तपासणीच्या दिवशी साहेबांचं जेवण आमच्याकडे. आईनं गुळाच्या पुरणपोळ्या केल्या, कटाची आमटी केली, उसनं तूप आणलं. साहेब पाच पोळ्या जेवले. मग बाहेरच्या खोलीत तक्क्याला टेकून बसले, पान जमवलं. शेजारी कुलकर्णी, शाळाकमिटीचे पाटील आणि दारात साहेबांचा शिपाई. अण्णांनी मला हाक मारली.

मी साठएक शब्द सांगितले. एकही चुकला नाही. साहेब डोळे मिटून पान चघळत होते. डोळे न उघडताच म्हणाले, "छान. आता यातला एखादा शब्द वाक्यात वापरून दाखव पाहू."

असं मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. वाक्य कसं जुळवायचं ते शाळेच्या एका पुस्तकात पाहिलेलं: 'माय फादर इज अ फार्मर.' मी अण्णांकडे पाहिलं. ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते. मला वाटलं, यांच्याबद्दलच काहीतरी चांगलं बोलावं. मी खणखणीत आवाजात म्हटलं, "माय फादर इज अ नोटोरियस टीचर."

साहेबांनी डोळे उघडले. मग ते असे हसले की पानाचा रस त्यांच्या हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळला. शिपाई पाणी घेऊन धावला. साहेब हसत होते म्हणून पाटील हसले, कुलकर्णी हसले. त्या दोघांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. आणि मला सगळ्यात जास्त जे आठवतं ते हे, की अण्णाही हसले. त्यांना वाटलं, साहेब खूश झाले.

"मास्तर," साहेब डोळे पुसत म्हणाले, "हे तुम्ही शिकवलंत?"

"होय साहेब," अण्णा अभिमानानं म्हणाले.

"मग तुमची मुलगी काय म्हणाली ते यांनाही सांगतो." आणि त्यांनी पाटलांकडे वळून सांगितलं, की नोटोरियस म्हणजे दुष्कीर्तीचा, वाईट कामासाठी गाजलेला. नोटोरियस दरोडेखोर असतो, नोटोरियस बदफैली असतो. "आता आपल्या गावात नोटोरियस मास्तरही आहेत." पुन्हा हसणं. या वेळी पाटील-कुलकर्णी समजून हसले. जाताना साहेबांनी शाळेच्या शेरेबुकात, जिथे तपासणीचा शेरा कायमचा राहतो, तिथे लिहिलं: 'मास्तर स्वतःच्या मुलीच्या मते नोटोरियस आहेत. खात्याने नोंद घ्यावी.'

दिवेलागणीला अण्णांनी मला रुळानं मारलं. तळहातावर, मग हात मागे घेतला म्हणून बोटांच्या पेरांवर. "मला बदनाम केलंस," एवढंच वाक्य ते दर फटक्याला म्हणत होते. मी ओरडत होते, "वहीत तसंच लिहिलंय, तुम्हीच लिहिलंय!" त्यांना ते ऐकू येत नव्हतं किंवा ऐकायचं नव्हतं. आई मध्ये पडली तेव्हा एक फटका तिच्या मनगटावर बसला, बांगडी फुटली. मग ते थांबले.

चार दिवसांत माझी दोन बोटं सुजून वांग्यासारखी झाली. आईनं हळद लावली, पोटीस बांधलं, आणि शेवटी मला नदीकडच्या वाटेवरच्या मिशनच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथं रूथबाई नावाच्या नर्स होत्या. आमच्या भावाच्या वेळी आई अडली होती तेव्हा यांनीच तिला सोडवलं होतं. पण त्या ख्रिस्ती, आणि त्यांचे आजोबा आमच्याच तालुक्यातल्या एका गावकुसाबाहेरचे, म्हणून दवाखान्यातून आलं की अंगावरचे कपडे बदलून आंघोळ करायची हा आमच्याकडचा नियम. जीव वाचवणाऱ्या बाईचा विटाळ! मला तो नियम तेव्हाही पटला नव्हता आणि तरी मी तो दोन महिने पाळला, याचीही मला चीड आहे.

"कशानं झालं?" रूथबाईंनी विचारलं.

"पडली," आई म्हणाली.

"अण्णांनी मारलं," मी म्हटलं. "नोटोरियसवरून."

आईनं मला चिमटा काढला. रूथबाईंनी बोटं कोमट पाण्यात धरली, आणि आईला म्हणाल्या, "रोज पाठवा हिला. दहा-बारा दिवस ड्रेसिंग लागेल." दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले तेव्हा त्यांनी नोटोरियसची सारी हकीकत विचारून घेतली. मग कपाटातून मिशनच्या गोऱ्या डॉक्टरबाईंची डिक्शनरी काढली आणि ते पान माझ्यासमोर उघडलं. मला वाक्यं नीट वाचता येत नव्हती. त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवलं. प्रसिद्ध हा अर्थ होताच. पण त्याच्या पुढे लिहिलं होतं, विशेषतः वाईट गोष्टीसाठी. अण्णांनी पहिला शब्द उतरवला होता आणि वकील कोट चढवून येण्याआधी पुढच्या शब्दावर गेले होते.

मी त्याच दुपारी ते घरी सांगितलं. अण्णा जेवत होते. ताटात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि अंबाडीची भाजी. त्यांनी घास खाली ठेवला. "दवाखान्यातली पुस्तकं मला शिकवायची नाहीत," ते म्हणाले आणि पुन्हा जेवू लागले. वही मात्र त्या दिवसापासून दिसली नाही. सकाळचे पाच शब्द बंद झाले. मला चहा न मागता मिळू लागला.

गावात 'नोटोरियस मास्तर' हे नाव रूढ झालं. ज्यांना त्याचा उच्चार येत नव्हता ते 'नोटरस मास्तर' म्हणत. पोरं भिंतीवर कोळशानं लिहीत. साहेबांनी हा विनोद तालुकाभर सांगितला होता. कुकाण्याचे एक मास्तर बाजाराला आले ते मुद्दाम आमच्या दारावरून गेले. अण्णा शाळेतून घरी येताना मागच्या बोळानं येऊ लागले.

बोटं बरी झाली तरी मी दवाखान्यात जात राहिले. रूथबाईंना पट्ट्या गुंडाळायला हात लागे, आणि आई गप्प राहिली. मला वाटतं, फुटलेल्या बांगडीमुळे गप्प राहिली. पट्ट्या गुंडाळता गुंडाळता रूथबाई मला शब्द वापरायला शिकवत. त्या शाळेत फारशा गेल्या नव्हत्या. सगळं इंग्रजी गोऱ्या डॉक्टरबाईंच्या हाताखाली उभं राहून शिकलेलं. त्या अर्थ आधी सांगतच नसत. विचारत, "हा शब्द माणूस कुणाबद्दल बोलेल? तोंडावर बोलेल का पाठीमागे? तुला कुणी असं म्हटलं तर तुला आवडेल?" मी पहिल्याच आठवड्यात 'ॲबॅन्डन'चं वाक्य केलं. वहीत त्याचा अर्थ होता 'सोडणे'. मी सांगितलं की माझी आई चतुर्थीला चंद्र बघून उपास ॲबॅन्डन करते, आणि मी संध्याकाळी वेणी ॲबॅन्डन करते. रूथबाई हसल्या. मी हातातली पट्टी भिरकावून उठले आणि चार दिवस गेले नाही. पाचव्या दिवशी गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "मी हसले ते चुकलं. बस. आता हा ऐक. बुडणारी नाव लोक ॲबॅन्डन करतात. नकोसं झालेलं मूल ॲबॅन्डन करतात. परत येण्याचा विचार नसला की ॲबॅन्डन. तुझी आई पुढच्या चतुर्थीला पुन्हा उपास धरणार ना?" त्या दिवशी मी त्यांच्याकडे प्यायला पाणी मागितलं. त्यांनी मला आजवर कधी पाणी विचारलं नव्हतं. क्षणभर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पेला विसळून दिला.

'सुपरसिलियस' त्यांनी करून दाखवला. मान मागे, एक भुवई वर, डोळे अर्धे मिटलेले. "सिव्हिल सर्जन इथं येतात ना, ते आमच्याशी असं बोलतात. समोरचा म्हणजे पायपुसणं." मी म्हटलं, "दिपोटीसाहेब!" 'मॅग्नॅनिमस' समजायला मला चार दिवस लागले. मोठ्या मनाचा, एवढ्यानं त्या सोडत नसत. "ज्याच्या हातात शिक्षा करणं आहे आणि तो करत नाही, त्याला म्हणायचं. ज्याच्या हातात काहीच नाही त्याला मॅग्नॅनिमस कोण म्हणेल?" वर्षभरात मी असे दोन-अडीचशे शब्द वापरायला शिकले. वहीतले हजार मला याआधी येत होते. त्या हजारांचा मला काही उपयोग झाला नव्हता.

मग मी पत्र लिहिलं. रूथबाईंना विचारलं नाही. कागद दवाखान्यातल्या टेबलावरून घेतला, ही चोरीच. भाऊबीजेच्या ओवाळणीतल्या पैशानं तिकीट आणलं. आठ दिवस खोडून खोडून मजकूर जुळवला. तो मला अजून पाठ आहे. मराठीत तो साधारण असा: 'साहेब, त्या दिवशी शब्द चुकला तो माझा चुकला. माझ्या वडिलांना जेवढं येतं तेवढं ते मला देतात. आपल्याला पुष्कळ येतं. मॅग्नॅनिमस अधिकारी असता तर त्यानं मला बाजूला घेऊन योग्य शब्द सांगितला असता. आपण हसलात आणि तालुक्याला हसवलंत. आपलं वागणं सुपरसिलियस होतं. माझे वडील आता मागच्या बोळानं घरी येतात. शेरेबुकातला शेरा आपण खोडावा.' खाली माझं पूर्ण नाव आणि 'वय वर्षे बारा'. पोस्टाची पेटी चावडीपाशी होती. हात पुरत नव्हता, म्हणून चवड्यांवर उभी राहून मी ते आत लोटलं.

तीन आठवड्यांनी अण्णांना नगरला बोलावणं आलं. कारण लिहिलेलं नव्हतं. ते सकाळच्या मोटारीनं गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परतले. मी मागच्या दारी बाजरी पाखडत होते. सूप हलवायचं थांबवलं. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"साहेबांनी पत्र पुढ्यात टाकलं," अण्णा आईला सांगत होते. "म्हणाले, पोरीच्या नावाआड लपून मला शिव्या देता? बारा वर्षांची पोर असं लिहिते होय? अक्षर तेवढं तिच्याकडून काढून घेतलंत."

"मग?" आईचा आवाज.

"मी म्हटलं, होय साहेब. मीच लिहिलं."

"अहो, पण का?"

"मग काय सांगू? पोरीनं लिहिलं म्हणून?" आतून तांब्यातलं पाणी ओतल्याचा आवाज आला. मग अण्णा बोलले तेव्हा त्यांचा आवाज मला अनोळखी वाटला, मऊ झालेला. "साहेब म्हणाले, मास्तर, फायनलवाल्याला असं इंग्रजी येतं हे मला ठाऊक नव्हतं."

अण्णा मागच्या दारी आले. मला वाटलं मारतील. "कागद कुठून आणलास?" त्यांनी विचारलं. मी खरं सांगितलं. "पुन्हा तिकडे पाऊल टाकायचं नाही." एवढंच. ना रागावले, ना शाबास म्हणाले. पत्रातल्या एका शब्दाचा अर्थही त्यांनी मला विचारला नाही.

शिक्षा म्हणून त्यांची बदली मिरजगावला झाली. नेवाशाला नदी होती. इकडे पाण्याला लांबच्या विहिरीवर जायचं, आणि वैशाखात तिथेही तळाला घागर घासायची. आम्ही मोटारीत बसलो तेव्हा मी दवाखान्याच्या दिशेनं बघत होते. रूथबाई आल्या नाहीत. आल्या असत्या तरी अण्णांनी भेटू दिलं नसतं. "त्यांनी तुला वाचवलं," आई वाटेत मला हळूच म्हणाली. "सगळं अंगावर घेतलं." मी तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवला. खरंच सांगते, पुढचे दोन-तीन महिने मी अण्णांसाठी लांबून हंडा भरून आणताना मनात म्हणत असे, यांनी माझ्यासाठी हे गाव पत्करलं.

आणि मग एके दिवशी मी त्यांना ते सांगताना ऐकलं. शाळेच्या पडवीत बसून ते नव्या पोस्टमनला सांगत होते, "असं पत्र लिहिलं साहेबाला, की वाचून घाम फुटला." पुढच्या आठवड्यात वाण्याला सांगितलं. मग सगळ्या गावाला. प्रत्येक वेळी पत्र थोडं लांबत होतं. साहेब घाबरत होते, खुर्चीवरून उठत होते. मिरजगावात अण्णांना कुणी 'नोटोरियस' म्हणत नव्हतं. इथं ते साहेबाला इंग्रजीत झाडणारे मास्तर होते. ते पुन्हा मधल्या रस्त्यानं, मान वर करून चालू लागले. मी त्यांच्यासाठी पत्र लिहिलं तेव्हा मला नेमकं हेच हवं होतं. आता ते झालं होतं, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

पुढे मी नगरला मामाकडे राहून शिकले, इंग्रजीची शिक्षिका झाले, निवृत्त होईपर्यंत तेच केलं. वर्गात कुणी शब्द चुकीचा वापरला तर त्याला मी काही म्हणत नसे. जो हसेल त्याला उभं करत असे, आणि अर्थ, उपयोग, वाक्य, सगळं त्याच्याकडून काढून घेत असे. मुलं मला कडक म्हणत. असेन. पण मामाकडे जाणं जमलं ते ज्या दिवसामुळे, तो दिवस अजून सांगायचा राहिला आहे.

बाजारचा दिवस होता. बाजारासाठी आलेले शेतकरी अण्णांकडून कागद वाचून घ्यायला घरी येत. त्या दुपारी पाच-सहाजण ओसरीवर बसले होते. त्यात बापूराव म्हणून एक म्हातारे होते, पांढऱ्या गलमिश्यांचे. मी पाण्याचा तांब्या घेऊन आले.

"मास्तर," बापूराव म्हणाले, "त्या सायबाला तुमी इंग्रजीत लई हाणला म्हनं. काय लिवलं हुतं, आमाला बी ऐकवा की."

"तुम्हाला काय कळणार बापूराव."

"न्हाई कळंना का. आवाज तर ऐकू द्या."

अण्णांनी बैठक सावरली. एक हात उंचावला. "सर!" ते म्हणाले, "यू आर अ मॅग्नॅनिमस मॅन! व्हेरी व्हेरी मॅग्नॅनिमस! यू आर सुपरसिलस!"

लोकांनी माना हलवल्या. एकजण म्हणाला, "आयला, लईच." अण्णा साहेबाला मोठ्या मनाचा, फार फार मोठ्या मनाचा म्हणत होते, आणि त्यांना वाटत होतं की आपण शिवी देतो आहोत. एकदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. एकदा. चूल पेटवताना, पाणी देताना, केव्हाही. माझं पत्र त्यांनी घेतलं होतं, ठीक, पण ते असं मोडून वापरत होते.

"चुकलं," मी म्हटलं.

अण्णांनी वर पाहिलं. "आत जा."

मी गेले नाही. तांब्या खाली ठेवला आणि सुरुवातीपासून पत्र म्हणायला लागले. इंग्रजीत एक वाक्य, मग मराठीत तेच वाक्य, बापूरावांकडे बघून. मला इतका राग आला होता की दात वाजत होते. अण्णा दोनदा म्हणाले, "इंदू, आत जा." तिसऱ्यांदा म्हणाले नाहीत. मागच्या बोळाचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली. आई स्वयंपाकघराच्या दारात पिठाचे हात तसेच धरून उभी होती. मी शेवटपर्यंत म्हटलं, माझं नाव आणि वयासकट.

 बाहेर बाजारातला गलका चालू होता. मग बापूराव अण्णांकडे वळून सरळच म्हणाले, "म्हंजी मास्तर, ह्ये पोरीनं लिवलं व्हय?"

अण्णांनी धोतराचा सोगा चाळवला, सोडला.

"व्हय," ते म्हणाले. "तिनंच लिहिलं."

मी रडायच्या बेतात होते. बापूरावांनी माझ्याकडे बघून रामराम केल्यासारखा हात कपाळाशी नेला आणि म्हणाले, "मास्तर, हिला म्होरं शिकवा. हितं पानी भरायला न्हाई ही." बाकीच्यांनीही हो-हो केलं. एवढ्या लोकांसमोर नाही म्हणणं अण्णांना शक्य नव्हतं. जूनमध्ये मला नगरला धाडायचं तिथंच ठरलं. पण माणसं उठून चालली तशी अण्णाही उठले, बापूरावांना पायरीपर्यंत पोचवायला गेले. मी ऐकते आहे हे त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे. पायरीवर उभे राहून ते म्हणाले, "लिहिलं तिनं. पण पोस्टात मी टाकलं."